प्रणाली, तुह्या शिपायायचे डोळे

प्रणाली,

तेरवीचे पावणे गेले, बाहेरची सपरी मोकळी झाली, आन् म्या तुह्या टेबलावरचं फडकं उचललं. दिलीप म्हणत होता का आई, राहू दे झाकून, निखिल येणारच आहे, तो घेऊन जाईल. पण झाकलेल्या वस्तूकडंच जास्त ध्यान जाते. येता-जाता मी तिकडंच पाहो. शेवटी काढलं. तं तुही सारी पलटण माह्याकडं तोंड करून उभी. बोटभर-बोटभर शिपाई. आंग काळं, ढाल काळी, तोंड काळं, आन् त्या काळ्यात पांढरे डोळे, डोळ्यात टिपका. बाकी काहीच नाही. डोळे तेवढे करून गेली तू.

तेच तं आपलं भांडण होतं वो माय.

तुहा भाऊ निखिल पुण्याले कंपनीत. सुट्टीच्या दिवशी तो आन् त्याचे दोस्त टेबलावर पुठ्ठ्याचे डोंगर, पडके किल्ले मांडतात, फासे टाकतात, टेपानं मोजून शिपाई सरकवतात आन् लढाई करतात. तू हे मले पहिल्यांदा सांगितलं तवा म्या इचारलं होतं का, त्यायले बायका-लेकरं नाहीत का. तू म्हणली, आहेत ना आत्या, म्हणूनच खेळतात. मी पदराआड हासली. तुह्यासमोर हासाची मले सवय नव्हती तवा.

राखडी रंगाचे शिपाई डब्यात भरून आपल्या पवनीले येत, आन् तुह्या हातून रंगून परत पुण्याले जात. पहिले निखिलचे आले, मंग त्याच्या दोस्तायचे. कोणाच्या हातात कुऱ्हाड, कोणाले डुकराचं तोंड. म्या म्हटलं, हे कोणते देव. तू म्हणली, देव नाहीत, हे नुसते भांडतात. म्या म्हटलं, मंग घरात कायले उभे करतेस, घरात भांडाले मी आहो ना. तवा तू मान वर करून माह्याकडं पायलं. सासू मस्करी करते हे तुले त्या दिवशी समजलं असन.

मले बी रंगाचं काम येत होतं. माह्या सासूनं शिकवलं. आपलं वावर थोडं, तलावाखालच्या दोन बांध्या. धान लावाचा रोवणा आटपला का पोळ्यापर्यंत हात रिकामे. तवा सुताराच्या घरून लाकडाचे बैल येत, तान्ह्या पोळ्याचे, चाकं लावलेले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं दोरीनं ओढत घरोघर नेतात ते. आपण ते रंगवून द्याचे. सासूचा कायदा एकच होता. सारं करून घे. आंग, शिंगं, झूल, खुरं, सारं. डोळा मांगून. सकाळी आंघोळ करून, उगवतीकडं तोंड करून, आन् तोंडातून शब्द काढाचा नाही. डोळा उघडला का तो लाकूड रायला नाही, नंदी झाला. मंग त्याले पाय लावाचा नाही, त्याले ओलांडाचं नाही, आन् ब्रश तं अजिबात लावाचा नाही. झूल कच्ची रायली असन तं कच्ची. उघड्या डोळ्यासमोर त्याच्या आंगाले ब्रश लावणं म्हणजे जित्या जनावराले खरवडल्यावानी.

तुहा सासरा गेला तवा दिलीप रांगत होता. त्या साली बी बैल घरात पडले होते. सुतकात नंदीचा डोळा कसा उघडाव, म्हणून म्या डोळे तेवढे ठेवले, बाकी काम केलं. सुतक फिटलं, आंघोळ केली, आन् सारे डोळे एका बैठकीत काढले. बाया म्हणत, ही बाई रडत नाही. रडून डोळा काढता येत नाही, हात हालते. हे म्या कोणाले सांगितलं नाही. सांगून काय होते.

आन् माह्या अशा घरात तू आली, खिडकीजवळ टेबल लावलं, एक शिपाई औषधाच्या रिकाम्या शिशीच्या झाकणावर चिकटवला, काळा केला, आन् सगळ्यात पहिले त्याचे डोळे करून राहिली.

म्या म्हटलं, "काहून वो, हे उलटं काहून?"

तू मान वर न करता म्हणली, "उलटं नाही आत्या. डोळा बारीक असते. हात घसरतेच. गालावर गेला पांढरा रंग तं जाऊ द्याचा. मंग चामडीचा रंग डोळ्याच्या काठापर्यंत आणाचा का सारं झाकलं जाते."

"मंग हात घसरू देऊ नाही."

"घसरणारच ना. चूक होणारच हाय. म्हणून तं मी ती पहिले करून घेतो."

हे तुहं बोलणं मले पटलं नाही. माह्या जिंदगीत ज्या चुका झाल्या त्याच्यावर दुसरा हात फिरवाले कोणी रंग दिला नाही. आपलं काम असं का शेवटी एकच टिपका, तो जमला तं जमला. म्या तुले म्हटलं का, आंग नाही, तोंड नाही, आन् डोळे उघडून ठेवतेस, ते बिचारे काय पायतात मंग. तू म्हणली, मले पायतात, मी काम नीट करतो का नाही ते. अशी तू. तोंडाले तोंड देणारी, पण आवाज न चढवता. मले आवाज चढवणारी सून चालली असती, तिले गप करता येते.

शेजारची कौसाबाई कुंपणाजवळ उभी राहून म्हणो, लेकरू नाही म्हणून बाहुल्या रंगवत बसते. एक दिवस तू तलावाकडं गेली होती, तवा म्या तिले म्हटलं का कौसे, तुहे लेकरं तुह्याकडं पायत नाहीत, नागपूरले जाऊन बसले. माह्या सुनेचे सारे तिच्याकडं तोंड करून उभे राहतात. ती लगीत दिवस बोलली नाही माह्यासंग, आन् तुले वाटलं तिचं-माह्यं पाण्यावरून बिनसलं. म्या तुले सांगितलं नाही. काहून नाही सांगितलं? सांगण्यासारखं काय आहे त्याच्यात, असं वाटलं. आता वाटते, तेवढंच तं सांगण्यासारखं होतं.

तुह्यापासून मी शिकली बी. हे बी तुले धड सांगितलं नाही. मी डब्यातला ऑइल पेंट आहे तसा जाड लावो, एकच हात, का काम झटपट व्हावं. तू एका दिवशी माह्या बैलाच्या गळ्याखालून बोट फिरवलं आन् म्हणली, आत्या, सुतारानं इथं गळ्याची लोंबती पोळी कोरली आहे, तुमच्या रंगानं बुजून गेली. रंग दुधावानी पातळ करा. एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात बेस. पहिला वाळू द्या, मंगच दुसरा. म्या म्हटलं, मले तेवढा वेळ नाही. पण तू दुपारी झोपली तवा म्या करून पायलं. तारपीन जास्तीचं टाकलं. खरंच, गळ्याची पोळी, फासळ्या, गुडघे, सारं दिसाले लागलं.

मंग तू काळा रंग पाण्यावानी करून शिपायाच्या आंगावर सोडो, तो आपोआप खाचांत जाऊन बसे. ते मले कोणी समजवाचं काम नाही पडलं. बांधीत पाणी सोडलं का ते खोलगटातच जाते. आन् उंचवट्यावर उजेड आणाले तू ब्रश फडक्यावर पुसून पुसून पार कोरडा करो, मंग नुसता वरून घासो. त्याच्यासाठी नवा ब्रश वापराचा नाही, झिजका घ्याचा. डब्याच्या झाकणात ओलं फडकं, त्याच्यावर चोपडा कागद, त्याच्यावर रंग, का आपल्या इकडच्या उन्हात तो वाळू नये. कणीक झाकून ठेवतो तसं. आन् हात थरथरते म्हणलं मी, तं तू माह्ये दोन्ही मनगटं धरून एकामेकाले टेकवून दिले. म्हणली, आता हालले तं दोन्ही संगच हालतील, रेघ वाकडी जाणार नाही. तुहे हात गरम होते. कोणी माह्ये हात असे धरून लगीत वर्षं झाले होते.

त्या पोळ्याले सुतार म्हणे, काकू, यंदा बैल रोड झाले का, फासळ्या दिसून राहिल्या. म्या घरी येऊन तुले तेवढंच सांगितलं, तू पोट धरून हासली. पुढचं सांगितलं नाही. तो म्हणे, आतापासून सारे असेच करा, हे जिते वाटतात. ते तुह्यामुळं होतं. तुले वाटलं असन, डोकरीले नाही आवडलं.

आन् ते टिनावरचं. मी बैल वाळवतो तसे तुहे शिपाई वैशाखात छपराच्या टिनावर ठेवले, का लवकर वाळतील. लाकडाले ऊन चालते. ते प्लास्टिकचे होते हे मले काय माहीत. संध्याकाळी पायते तं साऱ्यायचे भाले वाकलेले, एकाची तलवार गुडघ्यावर आलेली. दुसऱ्याची वस्तू, आन् म्या खराब केली. तू पायलं आन् म्हणली, आत्या, हे सारे लढाई सोडून दारू पिऊन आले. मंग गरम पाण्यात एकेकाले बुडवून भाला सरळ केला आन् लगेच थंड पाण्यात टाकला. मी घंघाळ धरून होती. तू मले एका शब्दानं बोलली नाही. माह्या सासूनं मले रंगाचा डबा सांडला म्हणून उपाशी ठेवलं होतं. म्हणून मले समजत नव्हतं, न बोलणाऱ्या माणसाले काय म्हणाव.

मंग आपलं ठरलं. एक शिपाई तू करशील, डोळे पहिले. एक मी करीन, डोळे मांगून. आन् दिलीपनं सांगाचं कोणाचा बेस. दिलीप म्हणे, मले यात पाडू नका, मले दोघींच्या हातचं जेवाचं आहे. तू म्हणली, आत्या, आजच बसू. म्या म्हटलं, रोवणा झाल्यावर. आभाळ भरलं होतं, धानाचे पऱ्हे उपटाले आले होते, रोवणाऱ्या बाया सांगून ठेवल्या होत्या. रोवणा थांबत नाही वो. शिपाई थांबतात. असंच म्या म्हटलं तुले. शिपाई थांबतात.

ते थांबले.

मी दिवसभर चिखलात वाकलेली. घरी आली का पाठ टेकाची. तू भात वाढो आन् म्हणो, डोकं जरासं दुखते, गोळी घेतली. म्या म्हटलं, घे. त्याच्या पुढं नाही इचारलं. मंग एका सकाळी तुले उठताच येईना. पवनीवरून भंडारा, भंडाऱ्यावरून नागपूर. ताप डोक्यात गेला म्हणले डॉक्टर. दिलीप इकडून तिकडं चिठ्ठ्या घेऊन पळे, मी तुह्या पायथ्याशी बसून राहो. तू एकदा डोळे उघडले आन् म्हणली, रोवणा झाला का. म्या म्हटलं, झाला. झाला नव्हता. पुढच्या दिवशी तू गेली. तुहे डोळे अर्धे उघडे होते. म्या हात फिरवला. तोंडातून शब्द नाही काढला. आमच्यात डोळ्याच्या कामाले बोलत नसतात.

फडकं काढाच्या आदल्या दिवशी निखिलचा फोन आला होता. म्हणे, मावशी, रविवारी येतो, ताईचं सामान जसं आहे तसंच द्या, अर्धवट असलं तरी चालते. पोराचा आवाज बसला होता. मले मातर ते जसंच्या तसं देववेना. तुह्या हातचं काम कधी अर्धवट गेलं नाही. पण डोळे उघडलेले. माह्या सासूच्या कायद्यानं आता ब्रश लावाले मनाई. जे झालं ते झालं, कच्चं तं कच्चं. सारी जिंदगी एकदा डोळा काढल्यावर म्या ब्रश फिरवला नाही, आता कायले फिरवू? आन् तुह्या कायद्यानं हे काम नुकतं कुठं सुरू झालं होतं.

मी टेबलाजवळ बसली. नुसती पायत. आन् पायता पायता मले दिसलं. खिडकीकडून तू सुरुवात केली होती. त्या शिपायायचे डोळे साफ, मोहरीएवढे. पुढं पुढं पांढरा रंग गालावर आला. मंग कपाळावर. भिंतीकडचे जे होते त्यायचे डोळे पार फराटले होते, टिपका एकीकडं, पांढरं एकीकडं. तुहा हात एवढा कधी घसरला नाही. ताप होता तुह्या हातात. रोवणा चालला तितके दिवस तू इथं तापात बसून डोळे काढून राहिली होती, आन् मले म्हणे जरासं डोकं दुखते. म्या एकदा जरी येऊन या टेबलाकडं पायलं असतं तं समजली असती. मले अक्षर वाचता येत नाही धड. पण हात वाचता येते. तेवढं एकच वाचता येते, आन् तेच म्या वाचलं नाही.

शेवटचा भिंतीजवळचा. त्याले एकच डोळा. दुसऱ्या जागी काळं.

मी उठली, चूल पेटवली, दिलीपले डबा करून दिला. मंग परत येऊन बसली. झाकणातलं फडकं ओलं केलं, कागद ठेवला. चामडीचा रंग दुधावानी केला. दोन्ही मनगटं टेकवले. आन् उघड्या डोळ्यायसमोर ब्रश लावला. सासूले मनात म्हटलं, माफ कर बाई, ही माह्या सुनेची रीत आहे.

डोळ्याच्या काठापर्यंत रंग आणला. जिथं तुहा हात घसरला होता ते एकेक करून झाकलं. तू सांगितलं होतं तसंच झालं, फराटा गेला, डोळा आखून काढल्यावानी झाला. पहिला पातळ हात, वाळू दिला, दुसरा पातळ हात. पण प्रणाली, तू फक्त झाकाचं कसं ते सांगितलं होतं. झाकताना कसं वाटते ते नाही सांगितलं. तुहा ताप मी माह्या हातानं पुसून राहिली होती. प्रत्येक गालावर. असं वाटे का इथं तू होती, एवढीशी, या फराट्यात, आन् आता नाही. ठेवावं तं काम खराब, झाकावं तं तू जाते. काम खराब गेलेलं तुले आवडलं नसतं. झाकलं.

तोंडं झाली, आंगं झाली. रविवारपर्यंत मी दुसरं काही केलं नाही. वावरातला निंदा तसाच रायला. दिलीप दारात येऊन उभा राहो, मंग निघून जाओ. एकदा त्यानं चहा आणून ठेवला. त्याच्या हातचा चहा म्या पहिल्यांदा पेला.

शेवटच्याचा दुसरा डोळा ठेवला होता. रविवारी सकाळी आंघोळ केली, उगवतीकडं तोंड करून बसली, आन् काढला. बोलली नाही. त्याचा एक डोळा तुहा, सगळ्यात पहिले काढलेला. एक माह्या हातचा, सगळ्यात मांगून. तुहा बारीक, तापातला, पण सरळ समोर पायते. माह्या हातून बैलाचाच निघाला, मोठा, गोल, काठाले काजळ. जन्मभर तोच काढला, दुसरा येणार कसा. कोणाचा बेस हे आता दिलीपले इचारलं नाही.

निखिल आला. जेवला थोडंसं. मंग एकेक शिपाई कागदात गुंडाळून राहिला. कोणता तुह्या हातचा, कोणता माह्या, त्यानं इचारलं नाही, म्या सांगितलं नाही. शेवटचा हातात घेतला. खिडकीकडं धरून लगीत वेळ पायलं.

म्हणे, "मावशी, हा राहू देऊ का तुमच्याजवळ?"

मले हो म्हणाचं होतं. जिभेवर आलं होतं. पण तो लढाले बनवलेला होता, आन् तू त्याले घरात ठेवाले नव्हतं घेतलं. सून बी अशीच कोणाची तरी लेक आपल्याकडं येते, आपली म्हणून ठेवता येत नाही. म्या म्हटलं, "ने बाप्पा. त्याचं काम तिकडं आहे." त्यानं गुंडाळला. मी कोठ्याकडं गेली, बैलाले पाणी दाखवाचं होतं.

मंग परवा त्याचा फोन आला. आवाज जरासा बरा होता. म्हणे, दोस्तायनं आग्रह केला म्हणून खेळलो. मावशी, तुमचा तो मोठ्या डोळ्याचा पहिल्याच डावात मेला.

म्या फोन दुसऱ्या कानाले लावला. त्याले वाटलं मले वाईट वाटलं. घाईघाईनं म्हणे, तसं नाही मावशी, मेला म्हणजे टेबलाच्या बाजूले ठेवाचा फक्त. पुढच्या डावाले परत उभा करतो. मरतात आन् परत उभे राहतात, खेळच तसा आहे.

म्या म्हटलं, बरं. म्या म्हटलं, उभा करशील तवा त्याचं तोंड भिंतीकडं नको करू, तुह्याकडं ठेव. एवढंच म्हटलं, आन् फोन दिलीपले दिला.